माळ्यावरचा पहिला भार

डोक्यावर पावले वाजत आहेत. अनवाणी, लहान, उतावीळ पावले. कुणाच्या पायात साखळ्या, तर कुणाच्या पायात नुसतीच धावपळ. मी खालच्या खोलीत खिडकीपाशी बोरू तासत बसले आहे, आणि माझ्या मस्तकावरच्या सागवानी फळ्यांवरून वरच्या वर्गातल्या मुली आपापल्या जागेकडे निघाल्या आहेत. मैत्रिणी, तू म्हणशील, यात ऐकण्यासारखे ते काय? पोरींचा गोंगाट तो! पण जरा नीट कान दे. पावलांचा आवाज येतो आहे. लाकडाचा येत नाही. एवढा भार सोसूनही ती लाकडी जमीन एकदाही कुरकुरत नाही, की कण्हत नाही. ठाण्याच्या या आमच्या कन्याशाळेत वैशाखातल्या ठणठणीत कोरड्या सकाळी माझ्या डोक्यावर जे मौन नांदते, त्या मौनाचा मला केवढा अभिमान आहे म्हणून सांगू!

अभिमान हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. विनय हा स्त्रीचा अलंकार, असे आमच्या पुस्तकात छापलेले आहे आणि ते मी मुलींकडून घोकूनही घेते. पण तुला म्हणून सांगते, तो अलंकार माझ्या अंगाला कधी नीट बसलाच नाही. मी सुताराची लेक. आमच्या घरात चांगल्या कामाला चांगले म्हणायला कुणी लाजत नसे, आणि वाईट कामाला वाईट म्हणायला तर मुळीच नसे. तेव्हा हा माळा कसा उभा राहिला, कशाच्या जोरावर राहिला, हे मी आज छाती पुढे काढून सांगणार आहे, आणि तू ते निमूटपणे ऐकणार आहेस.

माझे वडील कल्याणच्या खाडीवरचे सुतार. घरे उभारणारे नव्हेत, पडाव, मचवे असल्या होड्या बांधणारे. त्यांचा आजा तेच करीत होता, बापही तेच करीत होता. खाडीच्या चिखलात अर्धवट बांधलेल्या पडावाचा तो उघडा सांगाडा, त्यावर चढून लाकूड तासायचा वाकस चालवणारे बाबा, खाली उडालेल्या ढलप्यांचा आणि माशाच्या तेलाचा तो मिश्र, उग्र दर्प: माझ्या बालपणाचे सारे वैभव एवढेच, आणि ते मला कधी थोडे वाटले नाही. बाबांचा आवाज असा खणखणीत की ते या तीरावर रागावले तर पलीकडच्या तीरावरची गुरे मान वर करीत. त्यांच्याजवळ गुण पुष्कळ होते; नम्रता त्यांत नव्हती. पडाव पाण्यात जाऊन डौलाने डुलू लागला की ते कमरेवर हात ठेवून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणत, "बघा रे बघा! डोळे भरून बघा! फुकट आहे!"

आमच्या घरी एक रीत होती. नवा पडाव प्रथम पाण्यात लोटायचा तेव्हा नारळ फुटे, कुंकू लागे, ते सगळीकडेच होते. पण त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, आधी बसायचे ते बांधणाऱ्याच्या रक्ताच्या माणसाने. मालकाने नाही, पडाव हाकणाऱ्या तांडेलाने नाही. ज्याने जोडले त्याने आपले माणूस त्यावर ठेवून दाखवावे, मग जगाने पाय ठेवावा. आई मला जन्म देऊन लवकरच गेली, भावंड कुणी नव्हते. त्यामुळे कळू लागल्यापासून नाळेवर बसण्याचा तो मान माझाच. पडाव घसरत पाण्याकडे निघाला की तोंडावर खारे पाणी उडे, आणि मागून बाबांची आरोळी येई, "यमे, घट्ट धर गो!" मी धरीत असे, पण भीती? छे! तो पडाव बाबांनी जोडलेला होता. मला तेव्हा वाटे, साऱ्या जगातल्या मुली अशाच पाण्यात जात असतील.

पुढे माझे लग्न झाले आणि सौभाग्याची वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच लाभून मी परत बाबांच्या दारात आले. दुःख होते, आणि तुला ते वर्णन करून सांगायची माझी इच्छा नाही. सांगायचे ते हे, की लोक जेव्हा माझ्या बाबतीत काय काय करावे याची चर्चा करीत होते, तेव्हा बाबा वाकसाला धार लावीत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारले, "यमे, तुला वाचायला आवडायचं ना?" मी होय म्हटले. झाले! पुण्याला बायकांना पंतोजीण करणारी शाळा आहे, एवढीच माहिती कुठूनशी मिळवून त्यांनी मला तिथे नेऊन सोडले. कल्याणात ओरड झाली. सुताराच्या रांडमुंड पोरीला पुस्तके कशाला, असे तोंडावर म्हणणारे भेटले. त्यांना बाबांनी काय उत्तर दिले ते मात्र मला इथे लिहिता येणार नाही. मुलींच्या हाती हा कागद पडायचा!

तर अशी मी ठाण्याच्या कन्याशाळेत शिक्षकीण झाले. शाळा एका जुन्या घरात भरे. घर उंच होते पण आत एकच लांबट खोली, आणि पुढे रस्त्याला लागून ओटा. लहान मुली खोलीत, मोठ्या ओट्यावर. आता मोठ्या म्हणजे केवढ्या? अकरा-बारा वर्षांच्या! पण रस्त्याने येणारा जाणारा थांबून बघे, कुणी खाकरे, कुणी काही बोले. आणि घरोघरच्या सासवांना तर तेवढे निमित्त पुरे होते. शाळेच्या पंचांत मुख्य होते पेन्शनीत निघालेले एक रावसाहेब. सज्जन माणूस, पण सावध इतका की ताकही फुंकून पीत असेल. ते मला म्हणाले, "बाई, मोठ्या मुलींना आडोशाची स्वतंत्र जागा हवी. पुढच्या आषाढापूर्वी ती झाली तर ठीक; नाहीतर वरचा वर्ग बंद करू. माझाही नाइलाज आहे." वरचा वर्ग बंद! त्या मुली नुकत्या कुठे पुस्तकातली ओळ बोटावाचून वाचू लागल्या होत्या. एकदा घरी बसल्या की पुन्हा त्यांच्या हाती पाटी कोण देणार होते?

घर उंच होते, हे मी मघाशी म्हटले ते उगाच नाही. त्या उंचीच्या मध्यावर माळा घातला तर वर एक आख्खा वर्ग मावत होता. मुली वर चढल्या की रस्त्याच्या दृष्टीआड, वारा मोकळा, प्रकाश भरपूर! आता माळा कसा घालतात ते तुला माहीत नसेल, म्हणून थोडे सोसून घे. दोन्ही लांब भिंतींत सागाचे उभे खांब होते आणि खांबांच्या मधे व पाठीशी विटांचे बांधकाम. या खांबांना आतल्या अंगाने, एका सपाटीत, एकेक लांबलचक आडपट्टी बसवायची. एका भिंतीच्या आडपट्टीवरून समोरच्या भिंतीच्या आडपट्टीवर कड्या, म्हणजे आडवे वासे, टाकायच्या, कड्यांवर फळ्या जडवायच्या, की झाला माळा. म्हणजे मुलींचा भार फळ्यांवर, फळ्यांचा कड्यांवर, कड्यांचा आडपट्टीवर, आणि आडपट्टीचा? खांबांना खोल खाच पाडून तिला आत बसवता आले असते, पण खांब जुने आणि बेताच्या जाडीचे, वर साऱ्या छपराचे ओझे. त्यांचे अंग कापणे धोक्याचे. तेव्हा आडपट्टीचा सगळा भार पडायचा तो ज्या कशाने ती खांबाला जोडली जाईल त्यावर. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या बोटभर लोखंडावर मुलींचे सारे भवितव्य, अशी ती गोष्ट होती.

काम कुणाला सांगायचे हा प्रश्नच नव्हता. बाबांना निरोप धाडला आणि भाद्रपदात, ओहोटी साधून, ते मचव्यातून आले. आगगाडी होती हो! कल्याणहून ठाण्याला धूर ओकीत ती रोज धावत होती. पण बाबांचा तिच्यावर राग. पाणी असताना लोखंडावरून जायचे म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. कोपरच्या भाताच्या शेतांवरून, दिव्याच्या पाणथळीवरून, मिठागरांच्या कडेकडेने त्यांचा मचवा खाली उतरला, आणि मागे दोराने बांधलेले सागाचे लांब ओंडके पाण्यातून तरंगत, लोळत, गुरांसारखे मागोमाग आले. बंदरावर ते उतरले तेव्हा मी सामोरी गेले होते. शिक्षकिणीच्या पांढऱ्या लुगड्यात मला पाहून ते क्षणभर थबकले, मग तांडेलाला मोठ्याने म्हणाले, "ही माझी लेक. शाळा हिची आहे." शाळा माझी कशाची! पण त्यांना कोण सांगणार?

ओंडके चिरून त्यांनी दोन सुरेख आडपट्ट्या काढल्या, रंधा मारून आरशासारख्या गुळगुळीत केल्या. मग पोतडीतून आपले खिळे काढले. कल्याणच्या लोहाराने घडवलेले ते चौकोनी, लांब, पडावाचे खिळे. तेलात बुडवलेले, मानेशी कापसाचा पीळ दिलेले. घणाचा एकेक घाव असा पडे की खिडक्या थरथरत. खिळा आत जाताना त्याचा सूर पालटत जातो. आधी बोदा, मग भरीव, आणि शेवटी असा खणका की ऐकणाऱ्याला कळावे, बसला! दोन्ही आडपट्ट्या बसल्या. बाबा त्यांना लोंबकळले, हसले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पण तेवढ्यात कल्याणहून नव्या पडावाचे बोलावणे आले, आणि कड्या व फळ्या चैत्रात घालू असे ठरवून ते भरतीबरोबर परत गेले.

लाकूड तोडले म्हणजे मेले असे आपण मानतो. किती खोटे आहे ते! झाड तुटते, पण त्याची ऋतूंशी असलेली सोयरीक तुटत नाही. आभाळ भरून आले की आपल्या घरातली दारे अडखळू लागतात, आणि उन्हाळ्यात त्याच दारांच्या फटींतून उजेड आत येतो. माझ्या सासरी माजघरात एक झोपाळा होता. श्रावणभर तो मुका असे आणि माघ सरला की करकरू लागे. सासूबाई म्हणत, झोपाळ्याच्या कड्यांना तेल घाला. मी मनात म्हणे, कड्यांचे नव्हे, तुळईचे दुखणे आहे ते; ती सुकली, आणि आकडा तिच्यात सैल झाला. पण नव्या सुनेने तुळईबद्दल बोलायचे नसते. तो करकर आवाज मात्र माझ्या कानांत राहून गेला होता, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

चैत्र उजाडला. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी शिडीवर चढून आडपट्टीवरची धूळ पुसत होते. सहज हाताने दाबले तर ती किंचित बोलली. अगदी किंचित, दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आले नसते. मी पुस्तकातला एक सुटा कागद घेतला आणि आडपट्टी व खांब यांच्या मधे सरकवला. तो गेला. सरसर आत गेला! भाद्रपदात ज्या जोडात सुई शिरली नसती, तिथे आता कागद ये-जा करीत होता. का, ते मला लख्ख दिसले. बाबांनी ओले लाकूड जडवले होते. ते पडाववाले, त्यांचे लाकूड पाण्यातून येते आणि पाण्यातच जाते. तिथे खिळ्याचे टोक पलीकडे काढून वळवायचे, पडाव पाण्यात लोटायचा, की फळ्या फुगतात आणि खिळ्याला अशा आवळतात की जन्मभर सोडत नाहीत. तीन पिढ्या त्या घरात पाण्यानेच शेवटची गाठ मारली होती. इथे टोक वळवायला खांबामागे जागा नव्हती, कारण तिथे वीट होती; आणि पाणी तर येणारच नव्हते.

बाबा आले. मी कागद सरकवून दाखवला. पकड लावून त्यांनी एक खिळा ओढला, आणि लोण्यातून केस निघावा तसा तो निघाला. मग मात्र आवाज चढला. "जाडा खिळा मारतो! ह्याच्या दुप्पट जाडा! बघतो कसा निघतो!" मी म्हटले, "बाबा, जाड्या खिळ्याने जुना खांब चिरेल." "पाऊस आला की फुगेल गो लाकूड, धरेल परत." "आणि पुढच्या वैशाखात?" "काय गो यमे, बापास सुतारकी शिकवतेस?" मी पण त्यांचीच मुलगी! मी म्हटले, "शिकवते. हा पडाव नाही, बाबा. ह्याला कधी पाणी लागायचं नाही. ह्याला कोरड्यातच धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे." बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले आता घण फेकतात. त्यांनी घण हळूच खाली ठेवला, ओट्यावर जाऊन बसले आणि पानाची चंची सोडली. ते ओरडतात तेव्हा मला भीती वाटत नाही. गप्प बसले की वाटते. आषाढ दोन महिन्यांवर आला होता, आणि ज्याच्यावर सारी भिस्त तो माणूस पाठ फिरवून बसला होता.

मग मी काय केले असेल? मी डोक्यावरून पदर घेतला आणि बाजारात गेले. बोहऱ्याच्या लोखंडाच्या दुकानी उभी राहिले. बाई माणूस खिळे बघायला आलेले पाहून रस्ता तिथेच थबकला; थबको! दुकानदाराने माझ्यापुढे एकेक पाटी मांडली. मुंबईहून नव्याने येऊ लागलेले गोल तारेचे खिळे होते, चकचकीत आणि एकसारखे. पण गुळगुळीत अंगाचा खिळा सुकत्या लाकडाशी किती दिवस इमान राखणार? आरपार जाणारे बोल्ट होते, मागून चाकी लावून आवळायचे. भक्कमपणात त्यांना तोड नव्हती, पण मागे वीट, तिथे हात कसा पोचावा? बिजागऱ्यांचे पिटुकले स्क्रू होते. ते पेटीला शोभले असते. आणि तळच्या पाटीत होते ते: करंगळीहून जाड, वीतभर लांब, अर्ध्या अंगावर मळसूत्राचे खोल वेढे, माथा चौकोनी, पान्याने फिरवायचा. मी एक उचलून तळहातावर तोलला. "बाई, हे तर आगगाडीवाले नेतात. शाळेला काय करायचे?" दुकानदार म्हणाला. मी म्हटले, "शाळा आगगाडीपेक्षा जड असते, शेठ. द्या." त्या मळसूत्री खिळ्यांनी आणि माथ्याखाली घालायच्या लोखंडी चकत्यांनी पदर भरून मी परत निघाले, आणि खरे सांगते, सोन्याची पाटली घेऊन येणारी बाई अशी चालली नसेल.

बाबा ओट्यावरच होते. मी त्यांच्यापुढे पदर रिता केला. बराच वेळ त्यांनी ढुंकून पाहिले नाही. पण लोखंड समोर पडले असताना सुताराचा हात किती वेळ थांबणार? त्यांनी एक खिळा उचलला, वेढ्यांवरून अंगठा फिरवला. "ठोकायचा नाही?" "नाही. फिरवायचा. आडपट्टीला मोठं भोक, खांबाला बारीक. म्हणजे आडपट्टीतून तो मोकळा जाईल आणि खांबात चावेल." ते उठले. वाया गेलेले दोन तुकडे घेऊन एकाला गिरमिटाने मोठे, दुसऱ्याला बारीक भोक पाडले, वेढ्यांना मेण चोळले आणि पान्याने फिरवू लागले. लोखंडाने लाकूड लाकडाजवळ ओढलेले त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिले. दोन तुकड्यांमधली फट बघता बघता मिटली, आणि फिरवणाऱ्या हाताला जाणवले असेल की आता जग फिरेल पण हा फिरणार नाही. बाबा हसले, असे मोठ्याने हसले की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. "मेला, हा ठोकून घेत नाही, मिठी मारतो!"

मग काय विचारतेस! जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून ती बुजवली. आडपट्ट्या आता वाळून शहाण्या झाल्या होत्या. त्यांचे सुकणे-आकसणे संपले होते. मी प्रत्येक खांबावर खडूने खुणा केल्या, सगळ्या एका सरळ रेषेत, नीटस, कित्त्यासारख्या. बाबांनी त्या पाहिल्या आणि धोतराच्या सोग्याने पुसून टाकल्या. "एका ओळीत भोकं पाडलीस तर लाकूड त्याच ओळीत उभं चिरेल, बाईसाहेब! एक वर मार, एक खाली. आणि टोकापासून हातभर आत." पडावाच्या फळीने त्यांना शिकवलेले ते शहाणपण कोरड्यातही खरेच होते. त्यांच्या सोग्याला माझा खडू आणि माझ्या तोंडाला त्यांचा भुसा; आम्ही दोघे भांडत, एकमेकांच्या चुका काढीत, पान्याला आळीपाळीने हात लावीत राहिलो. होय, मीही फिरवला पाना! शिक्षकिणीने असे करावे का, असे विचारायला कुणी आले नाही. आले असते तर बाबा तिथेच होते.

ठोकणे आणि फिरवणे यांतला भेद मी तेव्हापासून पुष्कळदा मनात घोळवला आहे. ठोकलेले लवकर बसते, आवाजही दणदणीत होतो. पण ऋतू पालटला की त्याची खरी ओळख पटते. फिरवून बसवायला धीर लागतो, आधी बारीक वाट करून द्यावी लागते, आणि प्रत्येक वेढ्यागणिक दोन्ही अंगे एकमेकांच्या जवळ येतात. वर्गात पाढे घोकून घेताना कितीदा माझा हात घणाकडे जातो! मग वर बघते, आडपट्टीवरचे ते चौकोनी माथे दिसतात, आणि मी त्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून समजावते.

आषाढापूर्वी माळा पुरा झाला. परीक्षेला रावसाहेब आले, मागे चार प्रतिष्ठित मंडळी, आणि खाली अंगणात साऱ्या मुली श्वास रोखून उभ्या. रावसाहेबांनी छडीने कड्या ठोकून पाहिल्या, खिळ्यांचे माथे मोजल्यासारखे बघितले, मग म्हणाले, "आधी तांदळाची पोती चढवून पाहू. पोरी लोकांच्या आहेत, बाई. एक कडी सुटली तर शाळा सुटली." त्यांचे चुकले नव्हते. पण बाबांची मान ताठ झाली. "पोती? रावसाहेब, आमच्यात पोती नाही चढवत. आमच्यात माणूस चढतं. बांधणाऱ्याच्या घरचं." मला वाटले, आपली वेळ आली. किती वर्षांनी! नाळेवर बसायचा माझा तो जुना मान. मी पदर खोचला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकले.

बाबांनी मनगट धरून मला मागे ओढले. मी म्हटले, "अहो, पण रीत आहे ना? तुमचं काम, तुमचं माणूस पहिलं." ते म्हणाले, आणि तो खणखणीत आवाज अंगणभर ऐकू गेला, "माझं काम? माझं काम चैत्रात निघालं गो, यमे! खिळा तू निवडलास, जोड तू धरलास. हा माळा तुझा आहे. आणि मी तुझं माणूस." एवढे बोलून माझे बाबा, तो धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा, आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला माणूस, जिना चढून वर गेला. माळ्याच्या मधोमध उभा राहिला. मग दोन्ही पायांनी उडी मारली. पुन्हा मारली. छपरावरची कबुतरे उडून गेली, रावसाहेबांनी डोक्यावर हात धरले. पण त्या आडपट्टीतून हुं की चूं निघाले नाही. वरून आरोळी आली, "बघा रे बघा! डोळे भरून बघा! माझ्या लेकीचं काम आहे!" मी रडले. सर्वांच्या देखत रडले, आणि मला त्याची आज तीळमात्र लाज वाटत नाही.

त्या वैशाखानंतर कितीतरी वैशाख आले, गेले. बाबा आता मचव्यातून येत नाहीत. गुडघे दुखतात, म्हणून शिव्या देत आगगाडीने येतात. खालच्या खोलीत बसून माझ्याशी बोलता बोलता मधेच बोट वर करून मला गप्प करतात आणि कान देऊन ऐकतात. काही ऐकू येत नाही, मग समाधानाने मान डोलावतात. आताही वर पावले वाजत आहेत, आणि लाकूड गप्प आहे. घंटा द्यायची वेळ झाली. मला वर गेले पाहिजे. रोज मी मुलींच्या मागून चढते. पंच मंडळींपैकी कुणीतरी एकदा म्हणाले, शिक्षकिणीने आधी वर जाऊन बसावे, मुलींनी मागून यावे, शिस्त दिसते. मी ऐकून घेतले आणि काही बदलले नाही. आमच्या घरची रीत वेगळी आहे. काम माझे आहे, तेव्हा पहिला भार माझ्या माणसांचाच पडायला हवा.